आठशे फुटांची गोष्ट

विमान गरगर फिरत खाली पडायला लागलं की माणूस सगळ्यात आधी चुकीची गोष्ट करतो. स्टिक, म्हणजे दोन गुडघ्यांमधली ती दांडी, पोटाशी ओढतो. जमीन समोरून अंगावर येत असताना विमानाचं नाक वर करावंसं वाटणं साहजिक आहे. पण तेवढ्यानंच विमान जास्त फिरतं. तेव्हा करायचं असतं ते नेमकं उलट. इंजिनाचा जोर काढून घ्यायचा, विमान ज्या बाजूला फिरतंय त्याच्या विरुद्ध बाजूचं रडरचं पेडल पायानं पूर्ण दाबायचं, आणि स्टिक पुढे, म्हणजे चक्क जमिनीच्या दिशेनं, ढकलायची. फिरणं थांबलं की पाय सरळ करायचे आणि मग हळूहळू नाक उचलायचं.

हे मी आयुष्यभर शिकवलं. आधी हवाई दलात, आणि निवृत्तीनंतर लखनौबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर चालणाऱ्या खासगी शाळेत. मी मूळचा कऱ्हाडचा. शेवटची नेमणूक लखनौला होती, बायकोची शाळेतली नोकरी इथेच होती, म्हणून वृंदावन योजनेत घर घेतलं आणि राहिलो. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "विमानातल्या गमतीजमती येऊ द्या, दिघेसाहेब. तुम्ही फार छान सांगता असं ऐकलंय." छान सांगतो हे खरं आहे. त्याचंच लिहायचं आहे.

या पडण्याला आम्ही स्पिन म्हणतो. विमानाचा वेग फार कमी झाला आणि नाक फार वर राहिलं, की पंखाला हवेचा आधार सुटतो. दोन्ही पंखांचा एकदम सुटला तर विमान नुसतं खाली बसतं. एकाचा आधी सुटला तर तो पंख खाली जातो आणि विमान गिरक्या घेत पडू लागतं. इंजिन चालू असतं, विमान धडधाकट असतं, काहीही मोडलेलं नसतं, फक्त ते तुमचं ऐकत नाही. कसरती करताना, लूप म्हणजे आकाशात उभं वर्तुळ काढताना किंवा विमान कुशीवर उलटवताना हे सहज होतं. म्हणून शिकाऊ पायलटला मुद्दाम स्पिनमध्ये नेऊन बाहेर काढायला शिकवतात.

शाळेत येणाऱ्यांत हौशी लोकही असायचे. हजरतगंजातले एक दाताचे डॉक्टर दर हिवाळ्यात कसरती शिकायला यायचे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस विमान उलटं झालं की डोळे उघडत नसे. मी ओरडायचो, "डॉक्टर साहब, आँखें खोलिए!" ते म्हणायचे, "खुली हैं!" खाली उतरल्यावर पांढरेफटक पडलेले असायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. एक मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ होते, त्यांची मूठ स्टिकवरून सुटेना. त्यांना मी वर असताना विचारलं, "सर, आपकी बेटी की शादी तय हो गई?" ते उत्तर द्यायला लागले आणि मूठ सैल पडली. घाबरलेल्या माणसाशी झटापट करून उपयोग नसतो, त्याला दुसऱ्या विषयावर न्यावं लागतं. ही माझी युक्ती. तिचा मला अजून अभिमान आहे.

आता ती गोष्ट.

हवाई दलात शिकत असताना एकदा एकट्यानं उडत होतो. लूप काढताना वर पोचेपर्यंत वेग संपला. विमान पाठीवर, मी पट्ट्यांना लोंबकळतोय, आणि सगळं विचित्र शांत. मग एक पंख पडला आणि फिरायला सुरुवात झाली. मी स्टिक पोटाशी ओढली. पाय ताठ झाले. किती गिरक्या झाल्या कळलं नाही. मग कधीतरी प्रशिक्षकाचा आवाज डोक्यात आला, शिकवलेलं सगळं क्रमानं केलं, आणि विमान सरळ झालं.

एवढंच घडलं होतं. उंची पाहिली तेव्हा पाच हजार फुटांच्या थोडी वरच होती. सुरुवात केली तेव्हा आठ हजार होती. म्हणजे जीव जाण्याचा प्रश्न नव्हता. घाबरलो होतो, एवढं खरं.

मेसमध्ये पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाच हजारच सांगितले. कुणी मान वर केली नाही. पुढच्या बदलीच्या गावी ते तीन हजार झाले. लग्नानंतर सासुरवाडीला सांगताना दीड हजार झाले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यानंतर कधीतरी आठशेवर आलो आणि तिथेच थांबलो, कारण आठशेला लोक खुर्चीच्या कडेला येऊन बसायचे. मग तपशील आले. खाली उसाचं शेत होतं. शेतात लाल लुगड्यातली एक बाई होती. तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि तिच्या डोक्यावरची पाटी पडली. पाटी पडली म्हटलं की हमखास हशा. मी हे खोटं बोलतोय असं मला कधी वाटलंच नाही. एखाद्या पदार्थात आपण मसाला वाढवत नेतो, तसं होतं ते.

लखनौत मराठी माणसं विखुरलेली आहेत. कुणी फौजेत, कुणी विद्यापीठात, कुणी संशोधन संस्थांत. गणपतीला मात्र सगळी जमतात. तिथे मुलांना गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. समोर सतरंजीवर बसणाऱ्या मुलांत एक गार्गी होती. गार्गी बोधनकर. तिचे वडील श्रीकांत बोधनकर मूळचे अमरावतीचे, रेल्वेच्या संशोधनात इंजिनियर, राहायला मानक नगरच्या कॉलनीत. मुलगी इथेच वाढली. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. दर वर्षी तीच म्हणायची, "काका, वो आठ सौ फीटवाली." पाटी पडायच्या आधी तिचे ओठ माझ्याबरोबर हलायचे.

बारावी झाल्यावर तिनं घरी सांगितलं, पायलट व्हायचंय. बोधनकर माझ्याकडे आले. पैशाची तजवीज त्यांनी केली होती, प्रश्न भीतीचा होता. एकुलती एक मुलगी. म्हणाले, "दिघेसाहेब, तुम्ही शिकवणार असाल तर मी होकार देतो. नाहीतर नाही." मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्या हाताखाली पाठवा."

गार्गीसारखी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही. तिचा पाय रडरवर असा हलका असायचा की विमानाला कळायचं नाही कुणी सांगतंय. धावपट्टीवर मला सर म्हणायची आणि गेटबाहेर पडलं की काका. परवाना मिळाल्यावर ती आमच्याच शाळेत प्रशिक्षक झाली. मी मुख्य प्रशिक्षक. चहाच्या शेडमध्ये नव्या मुलांना घेऊन बसली की म्हणायची, "सर, इनको वो सुनाइए." मी ऐकवायचो.

शाळेचा नियम मीच घालून दिला होता. स्पिनची सुरुवात पाच हजार फुटांच्या खाली करायची नाही, आणि तीन हजारांच्या वर सगळं आटोपलं पाहिजे. वर्गात फळ्यावर हा नियम लिहायचो आणि चहाच्या शेडमध्ये आठशे फुटांची गोष्ट सांगायचो. दोन्हीत विसंगती आहे हे त्या शेडमधल्या कुणाला दिसलं असेल, पण मला कधी दिसलं नाही.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. फरहान नावाचा एक विद्यार्थी होता, आलमबागचा. वडिलांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगा हुशार, पण स्पिनला घाबरायचा. ढगांमुळे त्याचा तो धडा सारखा पुढे ढकलला जात होता, आणि जितका पुढे जाई तितकी त्याची भीती वाढत होती. त्या सकाळी गार्गी त्याला घेऊन साध्या सरावाला गेली. ढग खालीच होते. त्यांच्याखाली अडीच हजार फूटसुद्धा नीट मिळत नव्हते. वर गेल्यावर तिच्या मनात आलं, एकच गिरकी दाखवावी आणि लगेच बाहेर काढावं. पोराची भीती एकदाची जाईल.

तिनं एक गिरकी दाखवली. बाहेर काढायला पाय दाबायला गेली तर पेडल हलेना. शेजारच्या सीटवर फरहान गोठला होता. त्याच्या बाजूच्या जोड-पेडलवर त्याचा उजवा पाय पूर्ण ताणून रोवलेला. ती ओरडली, "पाँव छोड़ो! फरहान, पाँव!" त्यानं पाय सोडेपर्यंत आणखी गिरक्या झाल्या. मग तिनं सगळं बरोबर केलं. फिरणं थांबवलं, नाक उचलायला सुरुवात केली. विमान जवळजवळ सरळ झालंच होतं, तेवढ्यात खाली आंब्याची बाग आली.

मी वर्गात शिकवत होतो. रेडिओवरची मुलगी दारात येऊन नुसतीच उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मी खडू खाली ठेवला.

आम्ही जीप घेऊन पोचलो तोवर बागवाल्यांनी फांद्या तोडून दोघांना बाहेर काढलं होतं. झाडांच्या शेंड्यांवर विमान पोटावर घसरत गेलं होतं, म्हणून वाचले. दोघांना दोन खाटांवर निजवलं होतं. कुणीतरी गार्गीच्या तोंडावर खांद्यावरच्या अंगोछ्यानं वारा घालत होतं. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "सर, फरहान को पहले ले जाइए." तिच्या पाठीचे दोन मणके मोडले होते. फरहानच्या उजव्या घोट्याचा आणि त्यावरच्या हाडाचा चुरा झाला होता. त्याच पायाचं.

हॉस्पिटलमध्ये ती उताणी, छताकडे बघत. हालचाल करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. बोधनकर उशाशी बसून चमच्यानं मोसंबीचा रस पाजत होते. मला पाहून उठले आणि माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही शिकवलं होतं म्हणून वाचली हो. दुसऱ्याची विद्यार्थिनी असती तर काही खरं नव्हतं."

दुपारची वेळ होती, पलीकडच्या खाटेवरच्या बाईंकडे डबा उघडला जात होता. गार्गी छताकडेच बघत म्हणाली, "काका, आपने आठ सौ पे निकाला था ना?"

मी बोधनकरांकडे पाहिलं. ते चमचा हातात धरून माझ्याकडेच बघत होते, मुलीच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखे.

मी म्हणालो, "हो."

ती चक्क मराठीत म्हणाली. ती मराठीत क्वचितच बोलायची. "मग माझ्याकडे तर कितीतरी जास्त उंची होती."

आणि तिनं मान, जेवढी वळत होती तेवढी, भिंतीकडे वळवली.

त्या वेळी बोलायला हवं होतं. खोलीत मी आणखी बराच वेळ होतो. बोधनकर औषधं आणायला खाली गेले, तेव्हा तर आम्ही दोघंच होतो. मी खिडकीतून पार्किंगकडे बघत उभा राहिलो.

पुढे चौकशी झाली. चौकशीला आलेले अधिकारी सभ्य होते, मला सर म्हणत होते. शाळेचा नियम काय, कुणी घातला, सगळ्यांना माहीत होता का, हे त्यांनी विचारलं. सगळ्याची उत्तरं माझ्या बाजूची होती. गार्गीनं सांगितलं, "नियम पता था. फ़ैसला मेरा था." चहाच्या शेडमध्ये काय सांगितलं जायचं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाहेर पडल्यावर मला भूक लागली. अपघातानंतर पहिल्यांदाच चांगली भूक लागली. रस्त्यावर उभं राहून मी कचोरी खाल्ली. त्या कचोरीची आठवण झाली की अजून मान खाली जाते.

शाळा पुन्हा सुरू झाली. नव्या मुलांनी चहाच्या शेडमध्ये विचारलं, "सर, सुना है आपका एक क़िस्सा है?" मी म्हणालो, नंतर कधीतरी. घरी रोहिणीनं, माझ्या बायकोनं, एकदा विचारलं, "तुम्ही गार्गीकडे जात का नाही?" मी म्हणालो, तिला आराम हवा. रोहिणीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. सासुरवाडीला दीड हजार सांगितले होते तेव्हा ती तिथेच बसलेली होती, आणि नंतर आठशे झाले तेव्हाही. इतक्या वर्षांत ती एका अक्षरानं बोलली नव्हती.

हिवाळा संपता संपता आलमबागच्या बाजारात बोधनकर भेटले. हातात मटारची पिशवी. मी विचारलं, "गार्गी कशी आहे?"

"बरी आहे. चालते-फिरते. पाठीचा पट्टा निघाला. बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिली."

"बँकेच्या?"

"उडणं सोडलं तिनं. डॉक्टर म्हणतात पुढे जमेल, पण तीच नाही म्हणते." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणते, बाबा, विमानाचा हात मला नाही. काकांनी आठशेवरून काढलं, मला दोन हजारांवरून जमलं नाही. माझ्यात ते नाहीच. मी म्हटलं, अगं काकांची गोष्ट वेगळी, ते कुठे, तू कुठे. तुम्हीच समजवा एकदा तिला."

वरून मेट्रो गेली. तिचा आवाज विरल्यावर मी म्हणालो, "आत्ता येऊ का तुमच्याबरोबर?"

मानक नगरच्या त्यांच्या क्वार्टरला मागे छोटंसं अंगण आहे. गार्गी तिथे उन्हात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर गणिताचं पुस्तक. वजन उतरलं होतं. मला पाहून उठायला लागली तर मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. बोधनकर आत मटार ठेवायला गेले.

मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या असत्या.

"गार्गी, ते आठशे नव्हते."

"क्या?"

"माझी ती गोष्ट. आठशे फूट नव्हते."

ती पुस्तकात बोट घालून माझ्याकडे बघत राहिली. "कितना था?"

"पाच हजारांच्या वर."

"और वो औरत? लाल साड़ीवाली?"

"पाच हजारांवरून बाई दिसत नाही."

तिला हसू आलं असावं असं मला क्षणभर वाटलं. तसं नव्हतं. "अस्पताल में मैंने पूछा था. आपने हाँ बोला."

"तुझे बाबा होते तिथे."

"बाबा की वजह से हाँ बोला?"

"नाही," मी म्हणालो. "बाबा खाली गेले होते तेव्हाही बोललो नाही. मलाच ते आठशे सोडवले नाहीत."

तिनं पुस्तक मिटून खाली ठेवलं. "पता है मैं इतने महीने क्या कर रही थी? लेटे-लेटे वही स्पिन उड़ा रही थी. रोज़. कुठे हात हळू पडला, कुठे पाय हळू पडला. सोचती थी, काका के पास आठ सौ थे, मेरे पास इतना सारा, फिर भी..." मग एकदम लहान आवाजात विचारलं, "मेरी रिकवरी ग़लत थी क्या?"

"रिकव्हरी अगदी बरोबर होती. मीही त्याहून चांगली केली नसती. उंची नव्हती, एवढंच. त्या उंचीवरून, पाय अडकलेला असताना, कुणीच बाहेर काढू शकलं नसतं. मी तर नाहीच. माझ्याकडे एवढी उंची असूनही मी स्टिक पोटाशी धरून बसलो होतो."

ती रडली. ओंजळीत तोंड घेऊन, आवाज न करता. तिला रडताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. जवळ जावं की नाही कळेना. मी गेलो नाही. तो हक्क आता राहिला नव्हता.

मागे दारात बोधनकर उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "तुम्ही गोष्ट फार चांगली सांगायचा हो, दिघेसाहेब. आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो." आणि आत गेले.

मी निघालो तेव्हा गार्गी म्हणाली, "सर."

शाळेच्या गेटबाहेर पडलं की ती मला काकाच म्हणायची. हे तर तिचं घर होतं.

"फरहान को लगता है उसके पाँव की वजह से हुआ. घर में भी सब यही बोलते हैं उसको. मैंने फ़ोन पे बहुत समझाया, मानता नहीं. कहता है, सर तो आठ सौ से निकाल लेते थे, मेरे पाँव ने आपको मारा. त्याला जाऊन सांगा. मी येईन बरोबर. पण बोलायचं तुम्ही."

त्याआधी दोन कामं केली. चौकशीच्या अधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सर, क़िस्से रिपोर्ट में नहीं आते." शाळेच्या मालकांना सांगितलं, मी थांबतो आता. त्यांना वाटलं पगाराचं आहे. "सर, नई बैच आ रही है, ऐसे मत कीजिए," म्हणाले. मी खरं कारण सांगितलं तर हसले. "अरे सर, फ़ौजी आदमी इतना तो बढ़ा-चढ़ाकर बोलेगा ही!" माफी मागायला जावं आणि समोरच्यानं चेष्टेवारी न्यावं, यातली सुटका मला नको होती.

गार्गीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तिनं बँकेची परीक्षा दिली नाही. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर दुसऱ्या शहरातल्या शाळेत गेली, आधी विद्यार्थ्यासारखी पुन्हा शिकली, आता शिकवते. ढग खाली असले की तिचे विद्यार्थी दिवसच्या दिवस जमिनीवर बसून राहतात आणि कुरकुरतात, असं तिची आई रोहिणीला सांगत होती. मला तिचा दिवाळीला मेसेज येतो. त्यात सर असतं.

फरहानचं घर आलमबागच्या गल्लीत, दुकानाच्या वर. जिना अरुंद. गार्गी पाठ सांभाळत एकेक पायरी चढत होती आणि मी मागे. दार त्याच्या आईनं उघडलं. "आइए, आइए सर. आप ही के क़िस्से सुनाता रहता है." फरहान दिवाणावर होता, पाय स्टुलावर, घोट्यात लोखंड घातलेलं. मला पाहून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "सर, सॉरी," तो म्हणाला. मी अजून बसलोही नव्हतो. "मेरा पाँव जम गया था. मैम ने बोला भी छोड़ने को."

दुकानातून त्याचे वडील वर आले, हाताला ग्रीस. दारातच उभे राहून हात पुसत राहिले.

मी सांगितलं. हिंदीत सांगितलं, सगळ्यांना कळेल असं. माझी उंची किती होती, मी ती कशी उतरवत आणली, शेडमध्ये काय सांगायचो. मग फरहानला म्हणालो, "पाँव सबका जमता है, बेटा. मेरा भी जमा था. स्टूडेंट का पाँव जमेगा ही, यही मानकर सिखाना होता है. ऊँचाई इसीलिए रखी जाती है. मैम के पास उस दिन ऊँचाई कम थी, और कम इसलिए लगी नहीं, क्योंकि मैंने सालों तक झूठ बोला. तेरे पाँव ने कुछ नहीं किया."

फरहान आपल्या पायाकडे बघत होता. त्याची आई माझ्याकडे.

वडिलांनी पुसायचा बोळा खिशात घातला. "मतलब लड़के की ग़लती नहीं थी?"

"नहीं."

"यही बात?"

"यही."

ते माझ्यावर रागावले नाहीत. माझ्यापेक्षा त्यांना दुसरंच काही महत्त्वाचं होतं. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "भाईजान! ज़रा इधर आइए." त्यांचे मोठे भाऊ आले. "आप रोज़ कहते थे न, लड़के ने डरकर जहाज़ गिरा दिया. सर से सुन लीजिए." मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं, "सर, भाईजान के लिए एक बार और."

मी पुन्हा सांगितलं. मध्येच फरहानच्या वडिलांनी टोकलं, "और ऊँचाई?" मी म्हणालो, "पाँच हज़ार से ऊपर." त्यांनी भावाकडे पाहून मान डोलावली.

तोवर समोरच्या घरातली एक शेजारीण आली होती, तिच्यामागे आणखी कुणी. तिच्यासाठी सांगितलं. गार्गी खिडकीपाशी भिंतीला टेकून उभी होती. एकदाही मदतीला आली नाही, आणि यायलाही नको होती. फरहान आता माझ्याकडे बघून ऐकत होता. चहा आला आणि तसाच निवला. शेवटी फरहानच्या वडिलांनी आतून हाताला धरून त्याच्या दादीला आणलं, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं, तिचा दुपट्टा नीट केला.

"थोड़ा ज़ोर से, सर," ते म्हणाले. "अम्मा ऊँचा सुनती हैं."

मी आवाज चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.